टेरिफायर २, आणि आमच्या गच्चीवरचं पाच लिटर रक्त

निशाचर_धंतोली | शनिवार, रात्री ११:५२

(रसभंग इशारा : शेवटासकट सगळं सांगणार आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.)

काल खोलीवर चौघांनी मिळून 'टेरिफायर २' पाहिला. शेवटपर्यंत बसलो दोघंच. एक जण "पाणी आणतो" म्हणून उठला तो पाऊण तास गॅलरीत आईशी फोनवर बोलत होता. एरवी हा माणूस आईचा फोन उचलत नाही. दुसरा म्हणतो की झोप लागली होती. उशी तोंडावर दाबून कोणी झोपतं का बे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आर्ट नावाचा एक विदूषक आहे. काळापांढरा वेश, डोक्यावर इवलीशी टोपी, पाठीवर काळी कचऱ्याची पिशवी आणि पिशवीत हत्यारं. तो बोलत नाही. मारताना नाही, मार खातानाही नाही. पहिल्या भागाच्या शेवटी स्वतःच्या तोंडात गोळी झाडून घेतो आणि शवागारात उठून बसतो. दुसरा भाग तिथून सुरू होतो. आधी कपडे रक्ताने भरलेत म्हणून लाँड्रीत जातो, मशीन लावतो, आणि कपडे धुऊन होईपर्यंत शहाण्यासारखा बसून राहतो. तिथेच त्याला त्याच्यासारखीच रंगवलेली एक लहान पोरगी भेटते, जी बाकी लोकांना दिसतच नाही. मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त भीती वाटली ती इथे, आणि या सीनमध्ये रक्त आहे ते फक्त त्या मशीनमध्ये.

दिग्दर्शक डेमियन लिओनी. लेखन त्याचं, संकलन त्याचं, आणि मुख्य म्हणजे रक्तामांसाची कारागिरीही त्याचीच. २०२२ चा सिनेमा, लांबी १३८ मिनिटं (स्लॅशरला, म्हणजे एकेकाला कापत सुटलेल्या खुन्याच्या सिनेमाला, एवढी लांबी म्हणजे लग्नाच्या पंगतीत चौथ्यांदा जिलबी), खर्च अंदाजे अडीच लाख डॉलर. म्हणजे आपले दोनेक कोटी. लोकवर्गणीतून ५० हजार डॉलर मागितले होते, जमले दोन लाखांवर. कमाई दीड कोटी डॉलर. अमेरिकेत थिएटरात लोक चक्कर येऊन पडले, ओकले, अशा बातम्याही आल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच की पहिला भाग पाहताना आपण फक्त "आता कसा मारेल" हे पाहतो. दुसऱ्यात सिएना आहे. बाप गेलेला, त्याने मरायच्या आधी वहीत काढून ठेवलेल्या चित्रावरून ती हॅलोविनसाठी पंखवाल्या योद्ध्या देवीचा पोशाख शिवते आहे. घरात धाकटा भाऊ, चिडलेली आई. ते शिवणकाम, ते चिकटवणं, ते आरशात पाहणं यात दिग्दर्शकाने निवांत वेळ घालवला आहे. म्हणून पुढे जेव्हा रक्त उडतं तेव्हा पोटात गोळा येतो. पहिल्या भागात मला फक्त किळस आली होती.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. आम्ही पोरं मिळून पंधरा मिनिटांची एक भयफिल्म करून राहिलो. बजेट अठरा हजार. रक्त घरीच बनवायचं आहे. अनुभवी लोकांनी सांगा.

---

पेठेतला_एक | रविवार, सकाळी ८:०५

असले चित्रपट माणूस का पाहतो हे मला खरोखर समजत नाही. धारपांच्या कथा वाचून आम्ही रात्री अंगणात जायला घाबरायचो, मतकरींच्या कथांनी झोप उडायची. एक थेंब रक्त नसायचं. ज्याला भीती निर्माण करता येत नाही तो बादलीभर लाल रंग ओततो.

---

तर्री_जास्त | रविवार, सकाळी ८:४०

@पेठेतला_एक, भाऊ, सकाळी सकाळी कायले. तुमच्याकडे मिसळीवर कट वेगळा मागावा लागते, आमच्याकडे पोह्यावर तर्री न विचारता पडते. फरक समजून घ्या.

निशाचर, रक्त कायले बनवतो बे? सावजीकडून पाव लिटर तर्री आण. रंग तोच, चकाकी तीच, आणि उरली तर भाकरीसोबत खाता येते. नटाच्या डोळ्यात गेली तर किंचाळायची अ‍ॅक्टिंगही करावी लागत नाही.

---

लॅबवाली_ताई | रविवार, सकाळी १०:१८

पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं झाली, रोज पन्नासेक लोकांचं रक्त काढते. त्यामुळे माझ्या मते या धाग्यावर बोलायचा अधिकार मलाच आहे. :)

पहिली गोष्ट, सगळे सिनेमावाले रक्ताचा रंग एकच ठेवतात. शिरेतून काढलेलं रक्त गडद असतं, मरून म्हणा. धमनीतलं लालभडक. आणि हवेवर वाळायला लागलं की तपकिरी होत जातं, जुन्या डागाचा रंग गंजासारखा दिसतो. तुमच्या फिल्ममध्ये खून रात्री झालेला असेल आणि प्रेत सकाळी सापडत असेल, तर सकाळचं रक्त चुकूनही लाल दाखवू नका. यावर माझ्यासारखी लगेच टीव्ही बंद करते.

दुसरी गोष्ट, रक्त गोठतं. आमच्याकडे जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं म्हणून ते पातळ राहतं. साध्या नळीत ठेवलं तर पंधरा-वीस मिनिटांत जेलीसारखा गोळा होतो आणि कडेने पिवळसर पाणी सुटतं. ते पिवळं पाणी मी अजून एकाही सिनेमात पाहिलेलं नाही.

तिसरी, प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. तुमच्या त्या विदूषकाच्या सिनेमात एकेका माणसातून बारा-पंधरा लिटर निघतं. आणि कारंजं उडतं ते हृदय चालू असेपर्यंतच. प्रेतातून कारंजं उडत नाही हो.

चक्कर येणाऱ्यांबद्दल. त्यांना हसू नका. भीती वाटली की एरवी छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. रक्त पाहून घाबरणाऱ्यांचं उलटं होतं : आधी जरा वाढतो आणि मग एकदम पडतो, नाडी मंदावते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्याकडे पडतात ते बहुतेक जिम करणारे दणकट पोरं, म्हाताऱ्या बायका मजेत गप्पा मारत रक्त देतात. असं होईलसं वाटलं तर मांड्या, पोट, हाताच्या मुठी घट्ट आवळायच्या, थोडं थांबून सैल सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. दाब वर राहतो. पडलाच कोणी तर आडवं झोपवून पाय वर. तोंडावर पाणी मारत बसू नका.

---

निशाचर_धंतोली | रविवार, सकाळी १०:५५

ताई, दंडवत. पिवळं पाणी घेतलंच समजा.

---

महालातले_काका | रविवार, दुपारी १:३०

मुलाने हा धागा दाखवला. मी ६३ वर्षांचा आहे, तुमचा विदूषक पाहिला नव्हता, काल रात्री नातू झोपल्यावर मुलासोबत पाहिला. आमच्या सौ. दाराशी येऊन "शी!" म्हणून गेल्या.

मधला तो मुलीच्या खोलीतला प्रसंग फारच ताणला आहे. मारून झालं, सोलून झालं, मग हा गृहस्थ बाहेर जाऊन मीठ घेऊन येतो! तिथे मी उठून चहा ठेवला.

पण शेवट पाहून हसूच आलं. सिएना तलवारीने त्याचं मुंडकं उडवते, मग पाट्या येऊ लागल्यावर वेड्यांच्या इस्पितळात पहिल्या भागातली ती विद्रूप झालेली बाई त्याच जिवंत मुंडक्याला जन्म देते. मुलगा म्हणाला, बाबा काय भारी कल्पना आहे ना. मी म्हटलं, अरे मुंडकं आणि धड वेगळं ठेवून राक्षस जिवंत ठेवायचं काम रामसे बंधूंनी १९८४ सालीच करून ठेवलं आहे. 'पुराना मंदिर' मधला सामरी! मुंडकं पेटीत, धड देवळामागे, आणि दोन्ही एकत्र आले की संपलं सगळं. नागपूरच्या सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये पाहिला होता. अनिरुद्ध अगरवाल पडद्यावर आला की मागच्या रांगेतून शिट्ट्या, आणि पुढच्या रांगेतले पाय वर घेऊन बसायचे, कारण खुर्च्यांखाली उंदीर फिरायचे आणि नेमक्या वेळी पायाला लागायचे. तसली थ्रीडी आता कुठे मिळते. (खरा थ्रीडी पण काढला त्यांनी, १९८५ ला, '३डी सामरी'.)

रामसेंचं रक्त मात्र अगदी रंगपंचमीचं. लॅबवाल्या ताईंनी तेव्हा टॉकीज बंद पाडली असती.

---

तर्री_जास्त | रविवार, दुपारी १:४४

काका __/\__ उंदीरवाला थ्रीडी!!

---

अंधारकोठडी | रविवार, दुपारी ४:१२

माझा आक्षेप रक्तावर नाही, नियमांवर आहे. अमानवी गोष्ट दाखवायची तर तिचे नियम हवेत. आर्ट का उठला? ती पोरगी कोण? सिएनाच्या बापाला आधीच आर्ट कसा माहीत होता की त्याने वहीत त्याची चित्रं काढली? तलवारीत शक्ती कुठून आली? पाण्याच्या टाकीत बुडून मेलेली सिएना तलवारीमुळे उठते, ठीक, पण मग हेच आधी का नाही? १३८ मिनिटं घेऊन यातल्या एकाचंही धड उत्तर नाही.

आता हसू नका, पण याबाबतीत तात्या विंचू सरस आहे. 'झपाटलेला', १९९३. मृत्युंजय मंत्राने जीव बाहुल्यात शिरतो. मारायचा तर गोळी दोन्ही भुवयांच्या मधोमध लागली पाहिजे. संपला विषय! लहान पोरालाही नियम पाठ. अमेरिकेतल्या १९८८ च्या खुनी बाहुलीवरून उचलला म्हणा हवं तर, पण नियम असल्यामुळे शेवटी गोळी सुटते तेव्हा आपण भुवयांकडेच पाहत असतो. आर्टच्या बाबतीत कुठे पाहायचं तेच कळत नाही.

---

पेठेतला_एक | रविवार, दुपारी ४:३०

पहिल्यांदाच या धाग्यावर कुणाशी तरी सहमत. आणि रामदास पाध्यांच्या हातात जी कला होती ती बघा. नुसतं बाहुलं, पण मान वळली की आम्ही आईच्या पदरात.

---

निशाचर_धंतोली | रविवार, सायंकाळी ६:२०

@अंधारकोठडी, आक्षेप मान्य, निष्कर्ष नाही. नियम नसणं हीच तर त्याची भीती आहे. तात्या विंचूला महेश जाधवचा सूड घ्यायचा होता. 'फ्रायडे द थर्टीन्थ' घ्या : पहिल्या भागात (१९८०) मारणारी आई, कारण पोरगा तलावात बुडाला. दुसऱ्या भागात (१९८१) पोरगा, कारण आईला मारलं. तो तर तेव्हा डोक्यावर पोतं घालून फिरायचा, हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात १९८२ ला मिळाला. म्हणजे कारण होतं. आर्टला कारणच नाही. दुकानात तो सिएनाच्या समोर एकेक चष्मा घालून पाहतो, आरशात तोंड वेंगाडतो. तिच्याशी त्याचं काही वैर नाही. डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटनचं सगळं काम भुवया आणि ओठांत आहे, मूकपटातला विनोदी नट बिघडला तर जसा दिसेल तसा.

आणि परत येण्याबद्दल म्हणाल तर नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपण काय करतो? मारबतीचे मोठाले पुतळे काढतो, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. अख्खी इतवारी रस्त्यावर, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" म्हणून बोंबलतो, मिरवतो, जाळतो. पुढच्या वर्षी परत बांबू बांधायला घेतो. आजोबाला कधी विचारलं नाही की मागच्या वर्षी जाळली होती ना, मग ही परत कशी आली. सव्वाशेच्या वर सिक्वेल झाले बाप्पा, आणि दरवर्षी हाऊसफुल्ल.

---

इतवारीची_पोर | रविवार, सायंकाळी ७:०२

मारबतीचं उदाहरण गोड आहे, पण एक दुरुस्ती. मारबत लोकांची पीडा स्वतःवर घेऊन जाते. पिवळीला तर लोक हात जोडतात, लेकरांना तिच्या पायाशी नेतात. तुझा आर्ट कोणाची पीडा नेतो? तो बडग्या (मारबतीसोबत मिरवतात तो टर उडवायचा पुतळा) आहे फार तर, तोही फालतू.

बाकी बाई म्हणून एक सांगायचं आहे. पहिल्या भागात एका मुलीला उलटं टांगून करवतीने मारतात तो प्रसंग मी बंद केला होता. का, तर कॅमेऱ्याला तिचं नाव नीट माहीत नसल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्यातही बाया जास्तच मरतात, आणि त्यांचं मरण लांबत जातं. सिएना आहे म्हणून सगळं माफ असं मला नाही वाटत. पण शेवटच्या अर्ध्या तासात ती उठते तेव्हा मी खुर्चीवरून ओरडले हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच रात्री झाल्या.

---

निशाचर_धंतोली | रविवार, सायंकाळी ७:१५

बडग्याचं मान्य. फालतूचं नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या फिल्ममध्येही पहिली मरते ती मुलगीच होती. काल रात्री बदललं, आता वॉर्डन मरतो.

---

लॅबवाली_ताई | रविवार, रात्री ९:४०

वॉर्डनचं रक्त जरा घट्ट दाखवा, त्या वयात पाणी कमी पितात. (हलकेच घ्या.)

---

निशाचर_धंतोली | मंगळवार, रात्री १:१०

रक्ताचा वृत्तांत.

पहिला प्रयत्न बीटचा. मिक्सरमधून काढून गाळलं. दिसायला झकास, अंगावर लावलं की गुलाबी. आमचा वॉर्डन होळी खेळून आल्यासारखा दिसत होता.

दुसरा प्रयत्न शास्त्रशुद्ध. तिकडे मक्याच्या पाकात लाल रंग घालतात ही जुनी रीत. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे लिक्विड ग्लुकोज. इतवारीत बेकरीचं सामान मिळतं तिथून डबा आणला. दुकानदार म्हणाला, "केक का?" मी म्हटलं, "नाही, खून." तो म्हणाला, "मग लाल रंग पण लागेल." धंद्याचा माणूस. खायचा लाल रंग, चिमूटभर निळा, आणि खोली यावी म्हणून कोको पावडर. ('सायको' मध्ये १९६० साली चॉकलेट सिरपच वापरलं होतं, कृष्णधवल असल्यामुळे खपलं.) सकाळच्या सीनसाठी वेगळ्या वाटीत कोको दुप्पट. पिवळ्या पाण्यासाठी पातळ पाकात हळदीचं बोट बुडवलं. एकूण झालं पाच लिटर. ताईंच्या हिशोबाने बरोबर एक माणूस.

आता खरी गंमत. शूटिंग गच्चीवर. मे महिना. सूर्य बुडून दोन तास झाले तरी फरशीवर पाय ठेववत नव्हता. कापूस, टिश्यू पेपर आणि लॅटेक्स लावून वॉर्डनच्या गळ्यावर जखम केली होती, सव्वा तास घालवून. दहाव्या मिनिटाला घामाने कड सुटली. वीसाव्या मिनिटाला जखम गळ्यावरून घसरून छातीवर आली. तो बिचारा डोळे मिटून पडून होता, त्याला वाटलं आपण भारी मरून राहिलो.

त्या उन्हाळ्यात पाक इतका पातळ झाला की गळ्यावर थांबेना, सरळ पन्हाळीच्या दिशेने निघाला. कूलरजवळ ठेवलेली दुसरी बाटली मात्र मधासारखी. मग दोन्ही मिसळून जमलं, आणि पहिल्यांदा, खरं सांगतो, टॉर्चच्या उजेडात ते गळ्याच्या खळग्यात साचून थांबलं ना, थोडं थरथरलं आणि मग एकच धार कानामागे गेली, कॅमेऱ्यावरचा मित्र "ए" म्हणून मागे सरकला. आम्हाला माहीत होतं त्यात काय काय आहे. मीच ढवळलं होतं. तरी.

मला वाटतं लिओनीच्या सिनेमाचं हेच आहे. संगणकावर केलेलं रक्त पडतं आणि नाहीसं होतं. हे चिकटतं, ओघळतं, कोणालातरी ते पुसावं लागणार हे दिसतं.

हां, आणि मुंग्या. अर्ध्या तासात पन्हाळीतून लाल मुंग्यांची रांग आली ती थेट वॉर्डनच्या कानापर्यंत. शेवटच्या शॉटमधली तडफड अस्सल आहे. संकलनात एक फ्रेमसुद्धा कापणार नाही.

(फोटो १) (फोटो २)

---

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी ७:३०

वरच्या प्रतिसादातला दुसरा फोटो काढला आहे. दोन सदस्यांनी सकाळच्या चहासोबत पाहिल्याची तक्रार केली आहे. चर्चा चालू राहू द्या.

---

महालातले_काका | मंगळवार, सकाळी ९:१५

तक्रार माझी नाही. मला दुसरा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

---

पेठेतला_एक | मंगळवार, सकाळी ९:५०

मुंग्यांचा प्रसंग धारपांच्या तोडीचा झाला आहे. बाकी मतं कायम.

---

अंधारकोठडी | मंगळवार, सकाळी १०:२२

तिसरा भाग पाहिलास का? २०२४ चा, नाताळात घडतो. खर्च वीस लाख डॉलर, कमाई नऊ कोटी डॉलरच्या आसपास. फ्रान्समध्ये तर अठरा वर्षांखालच्यांना बंदी घातली होती. पैसा आला, सफाई आली, पण मला दुसऱ्यातली ती घरगुती चिकटपणाची मजा कमी वाटली.

---

इतवारीची_पोर | मंगळवार, दुपारी १२:०५

निशाचर, गच्ची धुतली का? घरमालकांना काय सांगितलं?

---

निशाचर_धंतोली | मंगळवार, दुपारी २:३३

@अंधारकोठडी, तिसरा या शनिवारी. गॅलरीवाला म्हणतो मी आधीच आईला फोन लावून ठेवतो.

@इतवारीची_पोर, घरमालकीण काकू सकाळी पापड वाळवायला वर आल्या होत्या. मला खाली ऐकू आलं ते फक्त ताट पडल्याचं. मग वरून हाक, "अरे मेल्या, हे काय करून ठेवलं?" मी म्हटलं, काकू, साखरेचा पाक आहे. त्यांनी बोट लावून चाखलं. म्हणाल्या, कोको जास्त झाला.

धुऊन झाली, डाग मात्र तीन राहिले आहेत. खायच्या रंगाचा डाग सिमेंटवरून कसा काढतात कोणाला ठाऊक असेल तर सांगा. लिंबू आणि सोडा करून पाहिला, आणखी पसरला. आणि दीड लिटर उरलं आहे, फ्रिजमध्ये आहे, सीताबर्डीपर्यंत आणून देईन. कोणाला हवं असेल तर बाटली आपली आणा.

---

तर्री_जास्त | मंगळवार, दुपारी २:३६

मले अर्धा लिटर. भाच्याच्या वाढदिवसाले बर्फाचा गोळा करतो.